बारा बाटल्यांचा पंचनामा

किसनराव मास्तर दारूला शिवत नाहीत, हे हिंगोलीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मास्तरांनी फक्त त्याला कधी आडकाठी केली नाही.

दोष असलाच तर तो चेहऱ्याचा होता. लांबट, फिकट, कायम एकादशी असल्यासारखा चेहरा. असा चेहरा लाभलेल्या माणसाला गाव काही म्हणून करू देत नाही. गावात मद्यनिषेध मंडळ निघालं, त्या सभेच्या दिवशी मास्तरांचं पोट बिघडलं होतं, म्हणून ते गेले नाहीत. संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष उकंडराव देशमुख स्वतः घरी आले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हाला चिटणीस केलं. सगळ्यांचं एकमत झालं." नाही म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं, पण पोटात कळ आली आणि ते नुसते कण्हले. उकंडरावांनी ते इतिवृत्तात 'नम्रपणे स्वीकार' असं लिहून घेतलं.

आता खरी गोष्ट. मास्तरांचा मेहुणा कोकणपट्टीत समुद्रकाठच्या एका बिअरच्या कारखान्यात कारकून होता. तो वर्षातून एकदा बारा बाटल्यांची पेटी पाठवी. मास्तर महिन्याला एक बाटली पीत, पगारासारखी. पहिल्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, दार लावून, नकाशांच्या कपाटाशी. पेटी अकोल्यापर्यंत रेल्वेनं, वाशीमपर्यंत मोटारीनं आणि तिथून अल्लाबक्ष गाडीवानाच्या छकड्यातून पैनगंगा ओलांडून निजामाच्या हद्दीत येई. पेटीवर 'शाळेची शाई' असं लिहिलेलं असे. कनेरगावच्या नाक्यावरचे शिपाई सहा वर्षं ती शाई बिनबोभाट सोडत आले होते. शाईत त्यांना रस नव्हता.

सातव्या वर्षी मेहुण्याचं पत्र आलं: 'साहेबाने यंदा नवीन माल काढला आहे. पेल एल म्हणतात. रंग फिकट, पण अंगात फार कडक. जपून घेणे. तेरावी बाटली माझ्याकडून अधिकाची.' पुढचे दोन महिने मास्तर भूगोल शिकवताना किनारपट्टीवरच जास्त रेंगाळले.

ती अधिकाची बाटलीच नडली. चैत्रातलं ऊन, छकड्याचे हिसके आणि अंगातला कडकपणा. बरोबर नाक्यावर, शिपाई जवळ असताना, तिचं बूच उडालं आणि गोणपाटातून पांढराशुभ्र फेस बाहेर आला. शिपाई अडाणी होता, पण शाईला फेस येत नाही एवढं त्याला कळत होतं.

अल्लाबक्षाला बैलांसकट हिंगोलीच्या आबकारी कचेरीत आणलं. माल सौम्य ठरला तर दंड, कडक ठरला तर सहा महिने, असं दरोगा शंकरसिंगनं सांगितल्याचं गावभर झालं. अल्लाबक्षाची बायको अमिनाबी कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली दोन दिवस बसून होती. मास्तर शाळेत जाताना तो रस्ता टाळून नदीकडून वळसा घालू लागले. दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. आपण कचेरीत जाऊन 'पेटी माझी' म्हणावं, हे त्यांनी रोज सकाळी पक्कं ठरवलं आणि रोज शाळेची घंटा झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिपाई दारात उभा राहिला.

"दरोगासाहेबानं बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

अल्लाबक्षानं आपलं नाव सांगितलं, हे मास्तरांनी ओळखलं. त्यांनी काळा कोट चढवला, टोपी नीट केली आणि बायकोला, शालूबाईंना, जड आवाजात म्हणाले, "कदाचित यायला उशीर होईल. कदाचित फार होईल."

"पंच म्हणून जाताय न्हवं?" शालूबाई तांदूळ निवडत म्हणाल्या. "मग येताना मीठ आणा."

*

पंचनाम्याचं एक कायमचं दुखणं असतं. पंच अब्रूदार पाहिजे, आणि बाटलीत दारू आहे हे त्यानं चव घेऊन सांगितलं पाहिजे. आता जो अब्रूदार, त्याला दारूची चव ठाऊक नसते. आणि ज्याला ठाऊक असते, तो अब्रूदार राहत नाही. शंकरसिंगनं या दुखण्यावर बावीस वर्षं नोकरी काढली होती.

"मास्तरसाब, तुमच्यासारखा पंच मिळणं म्हणजे नसीब," तो म्हणाला. "वकिलाच्या बापाला बोट ठेवता यायचं न्हाई."

खोली कचेरीच्या मागच्या अंगाला होती. एक खिडकी, तिला गज. मेजावर बारा बाटल्या रांगेनं उभ्या, चिठ्ठीवर दीपगृहाचं चित्र. कोपऱ्यात अल्लाबक्ष उकिडवा बसलेला, हात दोरीनं बांधलेले. त्यानं मास्तरांकडं एकदा पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली. त्याच्या डाव्या गालावर पाच बोटं उमटलेली होती.

"हे कशानं झालं?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"विचारू नका," शंकरसिंग म्हणाला. "पेटी कुणाची म्हणून विचारलं, तर हरामखोर तुमचं नाव घेऊन राहिला. शिपायाला राहवलं न्हाई. त्याचं पोरगं तुमच्या शाळेत शिकते ना."

मास्तर खाली बसले. बसायचंच होतं, पण जरा लवकर बसले.

दुसरा पंच सटवाजी नावाचा शेतकरी होता. सिद्धेश्वराकडच्या खेड्यातून तो कासरा विकत घ्यायला आला होता आणि रस्त्यातून उचलला गेला होता. "माजे बैल उन्हात हायत, सायेब," एवढंच तो अधूनमधून म्हणे.

शंकरसिंगनं शिपायाकडून दाराला बाहेरून कडी घालून घेतली. पंचनामा संपेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही, असा शिरस्ता होता. मग त्यानं काठाशी रेघ मारलेली पितळी वाटी काढली.

"बाराही बाटल्या चाखायच्या."

"बारा?" मास्तर म्हणाले. "एक पुरे की. शितावरून भाताची परीक्षा."

"मागच्या साली तेच केलं. वकील म्हणाला, एकीत दारू होती, बाकीच्यांत गुलाबपाणी नव्हतं कशावरून? मुकदमा गेला. बराबर बारा."

"मग थुंकून टाकू."

"तेही त्यानं विचारलं. गिळली होती काय? थुंकलं ते चाखलं न्हाई, असं ठरलं. रेघेपर्यंत वाटी, आणि पोटात."

म्हणजे वर्षाची बेगमी एका दुपारी. मास्तरांनी मनाशी हिशेब मांडला. खरं बोलावं तर आपण बुडतो. गप्प बसावं तर अल्लाबक्ष सहा महिने जातो. राहिला एकच मार्ग: माल सौम्य म्हणायचा, दंडावर भागवायचं, दंड कुणाच्या तरी हातून गुपचूप भरायचा. त्यासाठी फक्त बारा वाट्या पोटात घालून शुद्धीत दिसायचं होतं.

पहिलं बूच निघालं.

वाटी ओठाला लागली आणि मास्तर घटकाभर कचेरी विसरले. आधी कडूपणा आला, कडुलिंबाच्या फुलोऱ्यासारखा, तोंडभर पसरणारा. त्यामागून संत्र्याच्या सालीचा वास. मग भाजलेल्या धान्याची गोडी, हुरड्याच्या आगटीपाशी बसल्यासारखी. आणि सगळं खाली उतरल्यावर छातीत कुणीतरी हळूच शेगडी पेटवली. मास्तरांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता. तो आत्ता गजांच्या खिडकीतून आत आला आणि पायाशी बसला. दोन महिने वाट पाहिली ती हिचीच. एवढी सुंदर चीज जन्मात चाखली नव्हती, आणि चेहरा मात्र एरंडेल प्याल्यासारखा करायचा होता.

त्यांनी तो केला.

"अरेरे," शंकरसिंगला दया आली. "फार तकलीफ झाली?"

"किळसवाणं आहे," मास्तर म्हणाले. "पण सौम्य. सरबतासारखं."

"सटवाजी, तू बोल."

सटवाजीनं वाटी एका दमात संपवली, मिशी पुसली, विचार केला. "कडू हाय. पर जोर न्हाई काईच. ह्याच्यापरीस आमच्या घरचं ताक कडक."

कोपऱ्यात अल्लाबक्षानं मान वर केली.

शंकरसिंग उर्दूत लिहू लागला. दुसरी बाटली झाली, तिसरी झाली. दर वाटीला मास्तर तोंड वाकडं करत, "सौम्य" म्हणत. सटवाजी आपल्या बैलांची आठवण काढी. चौथ्या वाटीला मास्तरांना घाम फुटला. पाचव्या वाटीला शंकरसिंगनं टाक खाली ठेवला.

"मास्तरसाब, तुमचे कान."

"काय झालं कानांना?"

"लाल झाले. सौम्य मालानं व्हत न्हाईत."

"उकडतंय. खिडकी एकच आहे तुमची."

"बराबर," तो म्हणाला, आणि काहीतरी लिहिलं.

सहाव्या वाटीनंतर मास्तरांनी बोलणं एका शब्दावर आणलं, कारण दुसरा शब्द कुठं जाईल याची खात्री राहिली नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी मेज धरलं होतं. पोटात तीन दिवसांचं काही नव्हतं. अंग उठून नाचायला बघत होतं आणि त्याला पंच म्हणून ताठ बसवायचं होतं. मनातल्या मनात ते नद्यांची नावं म्हणू लागले: पूर्णा, पैनगंगा, कयाधू. कयाधूपाशी अडखळले, परत पूर्णेपासून सुरुवात केली.

सातवी.

"सौम्य," मास्तर म्हणाले. जरा लांबलं.

"सटवाजी?"

"मला इचाराल तर पानी घातलंय ह्यात. सायेब, माजे बैल."

शंकरसिंगनं नाराजीनं कागद पाहिले. सातही रकान्यांत सौम्य. "अल्लाबक्ष, नसीबवान हाईस," तो म्हणाला. "अशानं दंडावर सुटशील."

अल्लाबक्ष हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा हसला असावा, कारण गाल दुखून त्यानं डोळे मिटले. आणि ते त्याचं मिटल्या डोळ्यांचं हसू मास्तरांना सोसवलं नाही. आठवी वाटी त्यांनी स्वतः ओतून घेतली, रेघेच्या वर, गिळली आणि उठून उभे राहिले. भिंत मदतीला आली.

"लिहा दरोगासाहेब! पेटी माझी आहे."

"बसा मास्तरसाब."

"बसत नाही! मी मागवली. सहा वर्षं मागवतोय. मेहुणा पाठवतो. मी पितो. महिन्याला एक! कपाटात ठेवतो, नकाशांच्या, आफ्रिकेच्या मागं!"

"आफ्रिका," शंकरसिंग हळहळून म्हणाला. "चढली."

"मास्तर, काहून बोलून राहिले तुमी?" अल्लाबक्ष कळवळून ओरडला. "गप बसा ना! दंडावर आलंय!"

पण तीन दिवस अडकलेलं खरं एकदा सुटल्यावर मास्तरांना आवरेना. त्यांनी अल्लाबक्षाच्या गळ्यात पडायला दोन पावलं टाकली, ती सटवाजीच्या अंगावर पडली. त्यांनी सटवाजीलाच मिठी मारली आणि रडले. शंकरसिंगनं सावकाश टाक दौतीत बुडवला आणि वाचून दाखवत लिहिलं:

"आठव्या वाटीनंतर पंच नंबर एक, ज्यांनी उभ्या आयुष्यात मद्यास स्पर्श केला नाही, ते सदरहू माल स्वतःचा असल्याचे सांगू लागले व रडले. इतक्या सज्जन इसमाची ही गत ज्याने होते, तो माल सौम्य असणे शक्य नाही. सबब, माल अत्यंत कडक."

उरलेल्या चार वाट्या सटवाजीनं संपवल्या. त्याला काही झालं नाही.

*

सकाळी मास्तर डोकं दोन्ही हातांत धरून कचेरीत आले. अमिनाबी लिंबाखालीच होती. तिनं पदर सावरला. पंचनाम्यावर सही व्हायची राहिली होती. शंकरसिंगपाशी उकंडराव बसले होते. त्यांच्या मांडीवर शाल-नारळ होतं.

"दरोगासाहेब," मास्तर म्हणाले, "आज मी शुद्धीत आहे. पेटी माझीच आहे. खरं सांगतोय."

शंकरसिंग आणि उकंडरावांनी एकमेकांकडं पाहिलं. उकंडरावांचे डोळे भरून आले.

"बघा," ते म्हणाले, "गरिबाची लेकरंबाळं उघड्यावर पडू नयेत म्हणून हा माणूस स्वतःवर आळ घेऊन राहिला. कुठं फेडू हे उपकार!"

"अहो, आळ नाही. खरं आहे."

"मास्तरसाब," शंकरसिंग समजुतीनं म्हणाला, "काल बोललात ते नशेचं. आज बोलताय ते दयेचं. खरं बोलायला तुमच्याजवळ दिवसच उरला न्हाई. सही करा."

"शाळेत चला, कपाट दाखवतो."

"रिकामं असंल."

रिकामंच होतं. माल नाक्यावरच पकडला होता.

आतल्या खोलीच्या गजांमागून अल्लाबक्ष बोलला, "जाऊ द्या मास्तर. मीबी पैल्या रोजी खरंच बोललो हुतो. गाल बघा ना." मग म्हणाला, "तुमी फार चांगले हाव, हीच तर तकलीफ हाय."

हातात दिलेला टाक मास्तरांनी सही न करता खाली ठेवला आणि ते बाहेर पडले.

बाजाराचा दिवस होता. कळमनुरीपासूनची माणसं आली होती. कचेरीपासून शंभर पावलांवर सरकारी ठेक्याचा शिंदीखाना होता, मोतीबाईचा. मास्तर भर बाजारातून, काळा कोट घालून, थेट आत शिरले. मोतीबाईच्या हातातलं मडकं खाली आलं.

"मास्तर, धरणं धरायला आलाव का? आजच? बाजाराच्या दिशी? पोटावर पाय देऊ नका!"

"एक मडकं दे."

"फोडायला?"

"प्यायला."

ती दारातल्या गर्दीकडं बघत राहिली. तोवर पन्नासेक माणसं जमली होती. त्यांनाही वाटलं होतं की मास्तर शिंदीखाना बंद पाडायला आले, आणि दोघातिघांनी 'जय' म्हणून घेतलं होतं. मास्तर ओट्यावर बसले, मडकं तोंडाला लावलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली केलं. शिंदी आंबूस होती, कोमट होती, आणि वर एक माशी होती. समुद्र वगैरे काही आला नाही. दुसरं मडकं मागितलं. 'जय' म्हणणारे गप्प झाले. कोपऱ्यात आधीपासून बसलेला सटवाजी म्हणाला, "या मास्तर," आणि सरकून जागा दिली.

तासाभरानं मास्तर कचेरीत परत आले. त्यांच्यामागं अर्धा बाजार होता.

"दरोगासाहेब," त्यांनी मेजावर दोन्ही हात टेकले आणि शंकरसिंगच्या तोंडावर श्वास सोडला, "मी अब्रूदार आहे का?"

शंकरसिंगनं नाकाला रुमाल लावला. त्याला अब्रूचं सोयरसुतक नव्हतं, पण वकील डोळ्यांपुढं उभा राहिला. मुन्सिफासमोर तो पहिलाच सवाल करणार: पंच नंबर एक भर बाजारात शिंदी पितो, हे खरं काय? हजार साक्षीदार. पंच नंबर दोनही तिथंच बसलेला. बारा बाटल्या फोडलेल्या, उरलासुरला माल रात्रीतून उतरून पाणी झालेला. नवा पंचनामा कशाचा करणार? बावीस वर्षांची नोकरी, आणि या साली बढती होती.

त्यानं कागद चारदा फाडले. "नाक्यावर शाईची एक बाटली फुटली," तो शिपायाला म्हणाला. "गाडीवानाला सोड. आन् यांना घरी न्या कुणीतरी."

अल्लाबक्षानंच नेलं, छकड्यात घालून. अमिनाबी मागं बसली होती, ती म्हणाली, "पैल्याच रोजी शिंदी प्याला असता, मास्तर, तर ह्याचा गाल वाचला असता." मास्तरांनी मान हलवली. तिचं बरोबर होतं. पण त्यांना छातीवरून काहीतरी उतरल्यासारखंही वाटत होतं. संपलं एकदाचं. आता चिटणीसपद जाईल, लोक तोंडावर बोलतील. पण शनिवारी दार लावायची गरज उरणार नाही. हिंगोलीत आपल्याला जसं आहोत तसं राहता येईल, ही कल्पना इतकी नवी होती की ते छकड्यात एकटेच हसले.

ते हसू उकंडरावांनी रस्त्यावरून पाहिलं. "बघा, काय दशा झाली!" ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी मंडळाची तातडीची सभा झाली. ठराव एकमतानं झाला: ज्या माणसाच्या जिभेला थेंब ठाऊक नव्हता, त्याला सरकारी कामात जबरीनं वाट्या पाजल्या, आणि एका रात्रीत व्यसन लागून तो शिंदीखान्यात जाऊन बसला. मास्तरांचा बळी गेला. त्यांना पुन्हा माणसात आणणं हे मंडळाचं कर्तव्य. चिटणीसपद तहहयात. दोन स्वयंसेवक दिवसा, दोन रात्री, पाळीपाळीनं मास्तरांबरोबर राहतील. शाळेत, नदीवर, देवळात. शालूबाईंनी स्वयंसेवकांना चहा करायचं कबूल केलं. त्यांना बरंच वाटलं. मीठ आणायला माणूस झाला.

पुढं प्रत्येक गावच्या बाजाराला मंडळ मास्तरांना घेऊन जाऊ लागलं. औंढा झालं, सेनगाव झालं, कळमनुरीला तर मांडव घातला होता. मास्तरांना मधे उभं करायचे, दोन्ही बाजूंनी स्वयंसेवक कोपर धरून. उकंडराव बोलत.

"बारा वाट्या, मंडळी! फक्त बारा! काय होता हा माणूस, आणि काय झाला!"

"आठ," मास्तर म्हणत. ते कुणाला ऐकू जात नसे.

कळमनुरीला पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मध्येच विचारलं, "मास्तर, पर चव कशी हुती हो तिची?"

मास्तरांनी तोंड उघडलं. फुलोऱ्याचा कडूपणा, संत्र्याची साल, हुरड्याची आगटी. सगळं ओळीनं जिभेवर आलं. तोंडाला पाणी सुटलं. ते त्यांनी गिळलं, आणि घशाचा कंठमणी वर जाऊन खाली आला. शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना तो दिसला.

"बघा!" उकंडराव गर्जले. "अजून सुटली न्हाई!"

लोक हळहळले. स्वयंसेवकांनी कोपरं आणखी घट्ट धरली.